उन्हाळी सुट्टीत सोसायटीत काय करावं? (बजेट २० हजार, पोडियम तापलेला)

नाइलाज_सेक्रेटरी

मंडळी, मदत हवी आहे.

आमची विक्रोळीतली सोसायटी. जुनी इमारत पाडून टॉवर झाला, ९६ फ्लॅट. निम्मे जुने रहिवासी, निम्मे नवे. जुने एकमेकांना नावाने ओळखतात, नवे फ्लॅट नंबरने. गेल्या मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर मला उन्हाळी कार्यक्रमांचा प्रमुख करून इतिवृत्तात नोंदही झाली होती.

मागच्या वर्षी एका इव्हेंटवाल्याला ४० हजार मोजले. त्याने हवा भरलेली घसरगुंडी, एक स्पीकर आणि कार्टूनचे मुखवटे घातलेले दोन इसम आणले. त्यातल्या एकाला तासाभरात घेरी आली. पोरांनी त्याचा मुखवटा काढला, पंख्याखाली बसवला, लिंबूपाणी दिलं आणि "काका, तुम्ही खरे कुठे राहता?" म्हणून गप्पा मारत बसली. अख्ख्या दिवसात रंगलेला कार्यक्रम तेवढाच.

या वर्षी २० हजार आहेत. मुलं चाळीसेक, ज्येष्ठ तीसेक. जागा म्हणजे पोडियम (पार्किंगवरचा मोकळा चौक, दुपारी लाद्यांवर पाय ठेववत नाही), छोटा हॉल आणि गच्ची (किल्ली वॉचमनकडे, परवानगी चेअरमनकडे). तुमच्याकडे काय चालतं, काय फसलं ते सांगा. इव्हेंटवाल्यांचे नंबर नकोत.

मी_मुलुंडकर

आधी कॅलेंडर काढा. एसएससी बोर्डाच्या पोरांच्या परीक्षा एप्रिल संपत आला तरी चालू असतात. सीबीएसईवाल्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यांना मग मेमध्ये सुट्टी. आम्ही एका वर्षी १८ एप्रिलला चित्रकला स्पर्धा ठेवली. सहा मुलं आली, तीन बक्षिसं होती. उरलेल्या तिघांना उत्तेजनार्थ.

फणसाचे_गरे

+१. आणि मेचे मधले पंधरा दिवस सोडूनच द्या. अर्धी बिल्डिंग गावाला असते. आम्ही कोकणवाले तर साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला रिझर्व्हेशनला बसलेलो असतो, तुमच्या लगोरीसाठी तिकीट रद्द करणार नाही. १ मेच्या आसपास एक आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एक, असे दोन मोठे कार्यक्रम करा. मधल्या काळात मागे राहिलेल्यांसाठी बारीकसारीक.

टँकर_आला

एवढा विचार कशाला? रेन डान्स ठेवा. एक टँकर, दोन पाइप, एक डीजे. लहानथोर सगळे येतात. आमच्याकडे दरवर्षी हिट.

भरती_ओहोटी

टँकर_आला, आयडी सार्थ आहे तुमचा. मे महिन्यात तानसा-भातसाच्या पाणीसाठ्याचे आकडे रोज पेपरात येतात ते बघता का? २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात होती. सात तलावांवर हे शहर जगतं, त्यांतले विहार आणि तुळशी हे दोन मुंबईतले, बाकीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं. ते डीजेच्या तालावर गटारात सोडायचं?

टँकर_आला

अहो, टँकरचं पाणी बोअरचं असतं, तलावाचं नाही. आणि वर्षातून एक दिवस. तुमच्याकडे गाड्या रोज पाइप लावून धुतात त्याचं काय?

भरती_ओहोटी

बोअरचं पाणी काय आकाशातून पडतं? (पडतं म्हणा, पण जूनमध्ये.) गाड्यांचा मुद्दा मान्य. आमच्याकडे पाइप बंद करून बादली आणि फडकं सुरू केलं, चार महिने भांडणं झाली.

रात्रपाळी

डीजेबद्दल एक विनंती. मी रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी कायद्यातली मर्यादा आहे. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे सगळ्यांना पाठ असतं, दिवसाची मर्यादा कुणाच्या गावी नसते. पोडियमवर स्पीकर लावला की चारी बाजूंच्या भिंती आवाज वर ढकलतात, अकराव्या मजल्यावर माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात. ढोलकी, पेटी, गाणी, हसणं, पोरांचा दंगा यात मी गाढ झोपू शकतो. स्पीकरात नाही.

चाळकरी

मी लालबागच्या चाळीत वाढलो, म्हणून हा धागा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे उन्हाळ्याचा कार्यक्रम कुणी ठरवत नसे. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलं की दप्तर माळ्यावर आणि आपण खाली. सकाळी विटी-दांडू, उन्हं चढली की गॅलरीत पत्ते. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, मोठे बसले की मेंढीकोट. चारला गोट्या आणि भोवरे. अंधार पडल्यावर डबा ऐसपैस, कारण अंधाराशिवाय त्यात दम नाही. डबा डालडाचा असे. तो लाथ मारून उडवला की चाळीच्या तिन्ही मजल्यांवर आवाज जाई आणि पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची शिवीही न चुकता येई. ती आली नाही तर आम्हीच वर जाऊन बघायचो, बरे आहेत ना म्हणून.

सेक्रेटरी, तुमच्या २० हजारांत भोवरे, गोट्या, लगोरीच्या चकत्या, चार कॅरम बोर्ड आणि पत्त्यांचे डझनभर कॅट येतील आणि पैसे उरतील. फक्त एक करा, 'स्पर्धा' ठेवू नका. स्पर्धा म्हटली की आया वेळ लावून उभ्या राहतात.

डबल_बेल

चाळकरी, डोळ्यांसमोर आलं सगळं. पण खरं सांगू? आम्ही आमच्या पार्किंगमध्ये डबा ऐसपैस सुरू केलं होतं. गाड्या लपायला फर्स्ट क्लास. एक पोरगा एसयूव्हीला टेकला आणि अलार्म जो सुरू झाला तो बंदच होईना, मालक बँकॉकला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर 'पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई'.

शिवाय गोट्यांना माती लागते, गल खणायला. टॉवरमध्ये माती फक्त कुंडीत.

चाळकरी

कुंडीतली माती पोत्यात भरून कोपऱ्यात चार बाय चारचा चौकोन करा. मुंबईत माणसांनी गच्चीवर वांगी काढलीत, गल खणता येत नाही?

सोऱ्या

मुलांचं झालं, आता बायकांचं बघा. आणि पुरुषांचंही, कारण हे काम ताकदीचं आहे. आम्ही घाटकोपरला तीन वर्षं गच्चीवर वाळवणं घालतोय. सुरुवात सांडग्या-पापडांनी झाली, गेल्या वर्षी हिंमत करून कुरडया.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर निवांत ठेवला की पाणी वर येतं, ते अलगद ओतून टाकायचं. मग पाणी उकळून, मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा. या पायरीला दोन दणकट हात लागतात, गुठळी झाली की संपलं. आमच्याकडे बाराव्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा ढवळायला उभा केला, पाच मिनिटांत घाम फुटला त्याला. मग सोऱ्याने प्लास्टिकवर पाडायच्या, तेही सकाळी नवाच्या आत.

मुलांची झुंबड खरी गरम चिकावर. वाटीत चीक, वर तेल किंवा दूध-साखर, ज्याची त्याची आवड. निम्मा चीक कुरडई व्हायच्या आधीच संपतो, म्हणून गहू मोजताना ते धरूनच चाला.

गुलमोहर_खाली

तोंडाला पाणी सुटलं. पण कबुतरं? आमच्या गच्चीवर पाच मिनिटं काही ठेवायची सोय नाही.

सोऱ्या

मच्छरदाणी. जुनी, धुतलेली, चार कोपऱ्यांना विटा. आणि पाळीने एक आजोबा छत्री, ट्रान्झिस्टर आणि काठी घेऊन बसतात. त्यांच्यात आता त्या पाळीवरून भांडणं होतात.

वसुधामावशी

मी ७४ वर्षांची आहे, चष्मा लावून टाइप करते आहे, चुका पोटात घाला.

सोसायटीच्या कार्यक्रमात आम्हा म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या देतात, गुलाबाचं फूल देतात आणि टाळ्या वाजवायला लावतात. त्या मुखवटेवाल्या माणसाइतकाच आमचाही जीव गुदमरतो. आम्हाला काम द्या. मला सागरगोटे येतात, आमच्या शेजारच्या काकांना पतंगाच्या कामट्या तासता येतात, दुसऱ्या मजल्यावरच्या शेट्टीआजी केळीच्या सोपटाच्या दोरीत गजरा इतका सुंदर गुंफतात की बघत राहावं. शिकवायला बोलवा. रोज एकच तास, आणि चारनंतर, कारण दुपारी आम्ही झोपतो. ते बदलणार नाही.

मी_मुलुंडकर

मावशी, साष्टांग.

पुणेरी_पाहुणा

पुण्यात या दिवसांत वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. तुम्ही सोसायटीत छोटी का काढत नाही? वक्ते बाहेरून नकोत, प्रत्येक घरात काहीतरी जाणणारा माणूस असतो.

टँकर_आला

पुणेकर आलेच! आमच्याकडे व्याख्यान ठेवलं तर वक्ता, आभार मानणारा आणि हॉलचं कुलूप लावणारा, एवढे तिघे हजर असतात. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

पुणेरी_पाहुणा

घेतले. पण मुंबईतही वसंत व्याख्यानमाला आहेत की, दादरच्या अमर हिंद मंडळाची तर जुनी आहे. आणि तुमच्या रेन डान्सला जे येतात ते पाण्यासाठी येतात, त्यात आयोजकाचं कर्तृत्व कसलं?

रात्रपाळी

व्याख्यानाला माझा पूर्ण पाठिंबा. झोप छान लागते.

डबल_बेल

चेष्टा बाजूला ठेवू, पण आमच्याकडे हे वेगळ्या रूपात चाललं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मोटरमन आहेत. त्यांना हॉलमध्ये नुसतं बसवलं आणि मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. गाडी थांबवायला किती अंतर लागतं, पावसात रूळ दिसत नाहीत तेव्हा काय करता, डबा खाता कधी, आणि शू लागली तर? दोन तास पोरं हलली नाहीत. मोठे मागे येऊन उभे राहिले. खर्च चहाचा.

छायाप्रकाश

एक फुकटातला कार्यक्रम सुचवतो, आणि तो उन्हाळ्यातच होतो. शून्य सावली दिवस.

मुंबईत १५ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते, बाजूला पडतच नाही. आपल्या घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा नाही, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. कारण भारताची प्रमाणवेळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर बेतलेली आहे आणि आपण पश्चिमेला, म्हणून आपला खरा मध्यान्ह उशिरा होतो. पोरांना हे पुस्तकात असतंच, पण स्वतःची सावली पायाखाली गुडूप झालेली बघितली की ते डोक्यात बसतं.

वर्षातून दोनदा होतं हे. दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी, तेव्हा मुंबईत सूर्य कुणाला दिसतोय? आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेला हे कधीच होत नाही, म्हणजे दिल्लीकरांच्या नशिबात नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी साजरा करा.

करायचं काय, तर सकाळी दहाला एक काठी अगदी सरळ उभी करायची (ओळंबा लावून, गवंड्याकडे असतो) आणि दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. १२.२५ ला सगळ्यांना खाली बोलवायचं.

गुलमोहर_खाली

भर दुपारी मुलांना उन्हात? १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, ते विसरलात का? आपल्याकडे पारा ३४-३५ वर असला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. ऊन म्हणजे फक्त नागपूर नव्हे.

छायाप्रकाश

रास्त मुद्दा. खुणा करायला दर पंधरा मिनिटांनी एकच जण जाईल, बाकीचे हॉलमध्ये. सगळ्यांनी बाहेर यायचं ते दहा मिनिटांसाठी, टोपी, पाणी आणि चप्पल घालून. अनवाणी पोडियमवर नाहीच. परत आल्यावर कोकम सरबत. बाकी सगळे मैदानी खेळ सकाळी नवाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, यात दुमत नाही.

खाडीकाठ

सेक्रेटरी, तुम्ही विक्रोळीत राहता आणि फ्लेमिंगोंचं नाव कुणी काढलं नाही? पलीकडे ठाण्याची खाडी आहे. २०१५ मध्ये तिचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेली. मे अखेरपर्यंत पक्षी असतात, पावसाच्या तोंडावर जातात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी असते, मात्र वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी विचारून जा. वीस-पंचवीस जणांची सहल सहज होईल.

ते जमलं नाही तर सकाळी सातला नुसते रस्त्यावरचे वृक्ष बघायला निघा. बहावा, गुलमोहर, सोनमोहर, ताम्हण, सगळे याच दिवसांत फुललेले असतात. ताम्हण आपलं राज्यफूल आहे हे निम्म्या मोठ्यांनाही माहीत नसतं.

फणसाचे_गरे

खाण्याचं कुणी बोललं नाही नीट. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं असतंच. अक्षय्य तृतीयेपर्यंत ते चालतं. आम्ही हळदीकुंकू बाजूला ठेवलं आणि 'डाळ-पन्हं संध्याकाळ' केली, त्यामुळे सगळ्याच बायका आल्या, कुणी घरी बसून राहिलं नाही. पुरुषही आले. नवव्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने बाफला आणला, केरळच्या ताईंनी ताकात मिरची-आलं ठेचून संभारम केलं. उन्हाळ्याचं पेय एवढाच विषय होता. दोन वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं त्या दिवशी गुळाचं प्रमाण विचारत होती.

आठवा_मजला

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. वॉचमनकाकांची, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलं सुट्टीत आईबरोबर येतात आणि जिन्यात बसून असतात. ती या सगळ्यात धरलीत का?

टँकर_आला

भावना चांगली आहे, पण पैसे सभासदांचे आहेत. आज चार, उद्या चाळीस. इन्शुरन्स, पडझड, जबाबदारी कुणाची? मी वाईट व्हायला तयार आहे, पण हा प्रश्न मीटिंगमध्ये येणारच.

आठवा_मजला

लगोरीला प्रत्येक खेळाडूमागे किती खर्च येतो?

वसुधामावशी

आमच्या मावशींची नऊ वर्षांची मुलगी सागरगोट्यांत मला हरवते. तिला जिन्यात बसवून मी कुणाशी खेळू?

डबल_बेल

टँकर_आलांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आमच्याकडे हाच वाद झाला होता. तोडगा असा निघाला की ज्याला पैसे पडतात (सहल, बोट) तिथे नोंदणी, आणि अशा मुलांचं तिकीट ज्यांना वाटेल त्यांनी आपखुशीने भरायचं. बाकी खेळ सगळ्यांना खुले. सहलीला चार मुलांसाठी अकरा जणांनी पैसे दिले. उरलेल्यांत वडे आले.

टँकर_आला

ठीक. वड्यांपुढे माझा विरोध मागे.

रात्रपाळी

तेरा ते अठरा वयाच्या पोरांचं काय? ती कशालाच येत नाहीत. माझा मुलगा हा धागा बघून म्हणाला, "क्यूट आहे."

छायाप्रकाश

त्यांना बोलावू नका, कामाला लावा. आमच्याकडे हिशोब त्यांच्याकडे दिला. खरेदी, पावत्या, रोज रात्री ग्रुपवर खर्चाचा तक्ता. पंधरा वर्षांच्या मुलीने चेअरमनना ८० रुपयांची पावती मागितली आणि मिळेपर्यंत सोडलं नाही.

नाइलाज_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. परवा मीटिंग झाली, साडेतीन तास. ठरलं ते असं:

१ मेला झेंडावंदन, मग खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी गप्पा, त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन लहानपणी हुतात्मा चौकाच्या परिसरात पाहिलंय. संध्याकाळी पन्हं. मेभर रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळेत खेळ, पैकी एक तास ज्येष्ठांचा वर्ग. सुरुवात सागरगोट्यांनी (वसुधामावशी, आमच्याकडेही अशा एक आजी निघाल्या). गच्चीवर एक दिवस कुरडया, मच्छरदाणीसकट. शून्य सावली. ऐरोलीची सहल, नोंदणी डबल_बेल म्हणतात तशी. जूनच्या पहिल्या रविवारी सगळे गावाहून आले की सहभोजन. रेन डान्स मतदानात ९ विरुद्ध २६ पडला. हिशोब तीन दहावी पास होऊ घातलेल्यांकडे.

जिन्यातल्या मुलांवर चाळीस मिनिटं गेली. ठराव असा काही झाला नाही. चेअरमन म्हणाले, "लगोरीत हजेरी कोण घेतं?" आणि पुढचा विषय घेतला.

भोवरे मात्र कुठे मिळेनात. ऑनलाइन आहेत ते दिवे लागणारे.

फणसाचे_गरे

दिवेवाले नकोत. मी २८ ला गावाहून येतोय, लाकडी आणतो. किती?

नाइलाज_सेक्रेटरी

चाळीस. नको, पन्नास. मोठेही मागतायत.

छायाप्रकाश

मे अर्धा झाला. सेक्रेटरी, सावलीचं काय झालं?

नाइलाज_सेक्रेटरी

सकाळपासून ढग. पोरांनी तरी खुणा सोडल्या नाहीत, सूर्य दिसला की पळत जायचं, गेला की परत. १२.२० ला ढग हटले. साठ-सत्तर माणसं खाली, सगळ्यांच्या माना आपापल्या पायांकडे. काठीची सावली आखडत आखडत गेली आणि एका क्षणी नव्हतीच. एक चार वर्षांची मुलगी रडायला लागली, माझी सावली द्या म्हणून. तिला तिच्या भावाने समजावलं की पाच मिनिटांत परत येते.

चेअरमनसाहेब पूर्ण वेळ मोठी काळी छत्री उघडून उभे होते. त्यांना काहीच दिसलं नाही, त्यामुळे कार्यक्रम फसला असं त्यांचं मत आहे.

टँकर_आला

छत्रीच्या सावलीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावा.